नवीन आहात का?

रेल्वेच्या कायद्यात अण्णांचा उल्लेख नाही. मी मुद्दाम पाहिलं. १९८९ चा कायदा आहे. विनाकारण साखळी ओढली तर काय, रूळ ओलांडले तर काय, सगळं कलमवार लिहिलंय. टपावर बसून गेलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. पण चौथ्या सीटवर किती टेकायचं, पाठीवरची सॅक कुठे घ्यायची, दादरला उतरणाऱ्याने कुठल्या स्टेशनपासून हलायला लागायचं, यावर कायदा गप्प आहे. दिल्लीत बसून ज्यांनी तो केला ते बहुधा कधी सकाळच्या फास्टने व्ही.टी.ला गेले नसावेत. कायदा पायदानाशी संपतो. तिथून आत अण्णा.

प्रत्येक गाडीच्या प्रत्येक डब्यात एक अण्णा असतात. कुठे त्यांना बापू म्हणतात, कुठे मास्तर, कुठे नुसतंच 'शेठ'. आमचे अण्णा कल्याणहून सुटणाऱ्या एका फास्टला असतात. गाडीची वेळ आणि डब्याचा नंबर मी सांगणार नाही. आधीच गर्दी कमी नाही. पन्नाशी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात पासाचं प्लास्टिकचं पाकीट आणि त्यामागे गजानन महाराज. ऑफिसात ते नेमकं काय करतात हे डब्यात कोणालाच नीट ठाऊक नाही आणि कोणी विचारतही नाही. आमच्याकडे माणूस आडनावाने ओळखला जात नाही, उतरून जिथे जातो त्यावरून ओळखला जातो. एक 'मंत्रालय' आहेत, एक 'पोस्ट' आहेत, एक 'एल.आय.सी.' आहेत. त्यामुळे 'आज मंत्रालय रजेवर' किंवा 'पोस्टाला जरा सरकायला सांगा' अशी वाक्यं आमच्या डब्यात सहज ऐकू येतात.

अण्णांना हे पद कोणी दिलं? कोणीच नाही. मंत्रालय त्यांच्याहून वयाने मोठे, पण त्यांनी डोंबिवलीत जागा उशिरा घेतली, म्हणून ते ज्युनियर. इथली ज्येष्ठता पासावर मोजतात. अण्णांचा पास अखंड आहे. लग्नाच्या वेळी पंधरा दिवस रजा होती तेव्हाही त्यांनी तो संपू दिला नव्हता, असं ते सांगतात आणि ऐकणारे मान डोलावतात.

आता एक नाजूक गोष्ट. अण्णा राहतात डोंबिवलीत, पण बसतात कल्याणला. म्हणजे सकाळी घरातून निघून आधी उलटे कल्याणला जातात, तिथे रिकाम्या गाडीत खिडकी धरतात आणि डोंबिवलीला परत येतात तेव्हा आपल्याच शेजाऱ्यांना दारात लोंबकळताना बघतात. हे करणारे शेकडो आहेत. कल्याणच्या लोकांचा त्यावर राग आहे आणि तो रास्त आहे. अण्णांना विचाराल तर ते शांतपणे पाकीट काढून दाखवतात: पास कल्याणचा आहे. डोंबिवलीच्या पासावर असं करणारा तो चोर. पास कल्याणचा काढून करणारा तो नियमित प्रवासी. नीतिशास्त्राच्या पुस्तकात इतकी स्वच्छ रेघ मला कुठे सापडली नाही.

लोकलचा बाक तिघांचा, असं रेल्वे म्हणते. मुंबई म्हणते चौघांचा. हा चौथा माणूस धड बसलेला नसतो, धड उभाही नसतो. एक बाजू बाकावर, दुसरी हवेत. एक पाय बाकाखाली, दुसरा मधल्या वाटेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांखाली. ही जागा कुठल्याही नकाशावर नाही आणि तिचे नियम मात्र दगडावर कोरल्यासारखे. आतल्या तिघांनी खांदे एकाआड एक ठेवायचे, पहिल्याचा मागे, दुसऱ्याचा पुढे, तिसऱ्याचा पुन्हा मागे, की चौथ्यासाठी वीतभर निघते. चौथ्याने तिसऱ्यावर भार टाकायचा नाही. गाडीने ब्रेक मारल्यावर पडला तर तो माफ. पेपर वाचायचा असेल तर आधी चार घड्या. खिडकीवाल्याने झोपायला हरकत नाही, डोकं मात्र खिडकीकडे. आणि डोंबिवलीपासून आपल्यापुढे उभ्या असलेल्या ग्रुपच्या माणसाला ठाणं गेल्यावर न मागता उठून जागा द्यायची. 'बसा, बसा, मला पाय मोकळे करायचेच होते,' असं म्हणून. पाय कोणालाही मोकळे करायचे नसतात. तिथे पाय मोकळे करायला जागाच नसते.

अण्णांना इतिहासाची आवड आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा चौदा डब्यांत चारशे माणसं होती, आणि तिला एकवीस तोफांची सलामी दिली होती, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. 'चौदा डब्यांत चारशे! आज तेवढी आपल्या एका डब्यात आहेत. सलामी राहू दे, पंखा तरी लावा म्हणावं.' मग वर बघतात. पंखा अडलेला असतो. अण्णा खिशातला कंगवा काढतात, जाळीतून आत घालतात, पात्याला एक टिचकी मारतात आणि पंखा फिरायला लागतो. सगळा डबा ज्या नजरेने त्यांच्याकडे बघतो ती मी एरवी फक्त देवळात पाहिली आहे.

पण अण्णांचं खरं काम दुरुस्तीचं नाही, वळण लावण्याचं. परवा डोंबिवलीला एक मुलगा चढला. पाठीला फुगलेली सॅक, हातात मोबाइल, आणि मोबाइलमधून कोणीतरी इसम सगळ्या डब्याला शेअर बाजारात पैसा कसा करावा ते ओरडून सांगतोय. अण्णांनी घसा खाकरला. आमच्यासारख्याला तेवढ्याने कळतं. परीक्षेत कॉपी करताना पकडलं गेल्यासारखे आपले हात आपोआप खिशात जातात. मुलाला कळलं नाही. मग अण्णा त्याच्याशी न बोलता मंत्रालयांशी बोलले, त्याला ऐकू जाईल इतपत.

'काय हो मंत्रालय, हल्ली इयरफोन फार महाग झालेत का?'

'छे हो. पुलावर शंभरला मिळतात.'

'मग लोक घेत का नाहीत?'

'कानाचा त्रास असेल एखाद्याला.'

'असेल, असेल. आपण समजून घ्यायला पाहिजे.'

दोन बाकांवरचे आठही जण गंभीर चेहऱ्याने समजून घेऊ लागले. मुलगा स्क्रीनमध्ये बुडालेला. तेव्हा अण्णांनी भात्यातलं शेवटचं काढलं. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू, जवळजवळ माया.

'नवीन आहात का या गाडीला?'

या प्रश्नाला उत्तर नाही. हो म्हणालात तर शिकून घ्या. नाही म्हणालात तर तुम्हाला माहीत असायला हवं होतं. मुलाने वर पाहिलं. त्याला एकदम जाणवलं की आपल्याकडे साठ-सत्तर माणसं बघतायत आणि त्यांतला एकही रागावलेला नाही. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. त्याने आवाज बंद केला. अण्णांनी नुसती हनुवटी हलवली, तशी त्याने सॅक काढली. ती पाच जणांच्या हातांतून, पाच वेळा 'सांभाळून' असं ऐकत, रॅकवर जाऊन पोचली. घाटकोपरला त्याला चौथी सीट मिळाली. शिक्षा आणि बढती यांत अण्णा फार अंतर ठेवत नाहीत.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ च्या एका पुस्तकात म्हटलंय की सार्वजनिक जागी अनोळखी माणसं एकमेकांकडे क्षणभर बघतात आणि मग शिष्टाचार म्हणून नजर काढून घेतात. बरोबर आहे. मात्र गॉफमनसाहेबांच्या माणसांमध्ये थोडी हवा असावी. आमच्या गर्दीला खुद्द रेल्वेच 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणते, म्हणजे उभ्या जागेत चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, तिसऱ्याच्या केसांचं तेल चौथ्याच्या चष्म्यावर. अशा ठिकाणी शरीराला खाजगी असं काही उरत नाही, फक्त नजर उरते. ती लोक पंख्यावर ठेवतात, खिडकीच्या गजांवर ठेवतात, 'बाबा बंगाली'च्या चिकटवलेल्या कागदावर ठेवतात. रोज एकमेकांच्या श्वासाला श्वास लावून जाणारी दोन माणसं सहा-सहा महिने एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एक दिवस अचानक एक म्हणतो, 'काल दिसला नाहीत?'

गुन्ह्यांमध्ये अण्णांच्या लेखी खून, दरोडा यांचा नंबर बराच खाली लागतो. वर आहे खोटं स्टेशन सांगणं. उभा माणूस बसलेल्याला विचारतो, 'कुठे?' बसलेला सांगतो, 'घाटकोपर.' संपला व्यवहार. सही नाही, साक्षीदार नाही. घाटकोपर येईपर्यंत ती जागा उभ्या माणसाच्या नावावर झालेली असते, आणि मध्ये दुसरा कोणी टपकला तर आजूबाजूचे पाच जण सांगतात, 'यांनी सांगून ठेवलंय.' मुंबईत जमिनीचे व्यवहार इतके चोख होत नाहीत. तर काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांना कोणीतरी 'जरा सरकता का?' विचारलं. सरकायला लागू नये म्हणून ते म्हणाले, 'अहो, मी ठाण्यालाच उतरतोय.' विचारणारा बिचारा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून उभा राहिला. ठाणं आलं, ठाणं गेलं. सद्गृहस्थ डोळे मिटून होते. ते भायखळ्याला उतरले.

त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ते चढले तेव्हा अण्णा म्हणाले, 'या, ठाणेवाले, या.' बस्स. त्या दिवसापासून ते ठाणेवाले. आज ते ग्रुपचे मानाचे सभासद आहेत, नवरात्रात वर्गणी गोळा करतात, त्यांच्या मुलीच्या लग्नाला आमचा अर्धा डबा जेवून आला. आहेराच्या पाकिटावर आम्ही काय लिहिलं होतं ते सांगायला नको. मांडवात त्यांच्या व्याह्यांनी मला हळूच विचारलं, 'हे मूळचे ठाण्याचे का?'

हे सगळं मी कौतुकाने लिहितोय कारण मी आतला आहे. बाहेरच्याला विचारा. एकदा कल्याणला एक कुटुंब डब्यात शिरलं. लांबच्या गाडीने आलेलं दिसत होतं: नवरा, बायको, तिच्या कडेवर मूल, पायाशी दोन गोणपाटाच्या पिशव्या. समोर रिकामी जागा दिसली म्हणून माणूस टेकायला गेला.

'माणूस आहे,' अण्णा म्हणाले.

माणूस नव्हता. रुमाल होता. पोस्टाचा. पोस्ट अजून फलाटावर चहा पीत होते. तो माणूस रुमालाकडे बघत उभा राहिला. बायकोने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. आम्ही सगळ्यांनी नजर पंख्यावर ठेवली. अशा वेळी चिडून कोणी आवाज चढवला तर मग जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. रेल्वे पोलीस अधूनमधून अशा ग्रुपवाल्यांना गाठतात, दोन दिवस रुमाल खिशात राहतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर. मी एकदा अण्णांना म्हणालो, की बाहेरच्याला डब्यात चढू दिलं नाही तर कलम १५५ खाली २०० रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. ते विचारात पडले. म्हणाले, 'दोनशेच? मग वर्गणीतून जाईल की.'

आणि त्याच कुटुंबाच्या बाबतीत, कुर्ला गेल्यावर, ती बाई चक्कर येऊन बसली. मग काय! अण्णाच पहिले उठले. खिडकी रिकामी, पाण्याची बाटली, कोणाच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं, कोणाची ग्लुकोज बिस्किटं, मूल मंत्रालयांच्या मांडीवर. 'भाईसाब, उनको हवा आने देव, बाजू सरको!' असं अण्णांचं दणकट डोंबिवली हिंदी. दादरला दोघे जण स्वतःच्या ऑफिसला उशीर करून त्या कुटुंबाला स्टेशनच्या डॉक्टरकडे पोचवायला उतरले. अण्णांना यात विसंगती वाटली नाही. चक्कर आलेल्या बाईसाठी नियम आहे. बसायला जागा हवी असलेल्या बाईसाठी तो नाही. तासाभरात एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं, आणि दोन्ही वेळा त्याचा चेहरा सारखाच कर्तव्यदक्ष होता.

दारातल्या मुलांवर त्यांचं फारसं चालत नसे. दार हे वेगळं संस्थान. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले, आणि पाठीवरच्या सॅकची चर्चा सगळीकडे झाली. दुसऱ्या दिवशी अण्णा खिडकी सोडून दारात जाऊन उभे राहिले. टोमणा नाही, घसा खाकरणं नाही. प्रत्येकाला एकच वाक्य, 'बाळा, सॅक पुढे घे आणि आत ये.' मुलं आली. किती आत येणार? अर्धी वीत. पण आली.

आमच्या घरात अण्णांबद्दल मतभेद आहेत. बायको म्हणते, तुमचे अण्णा लेडीज डब्यात दोन स्टेशनंसुद्धा टिकणार नाहीत. तिथे 'कुठे?' एवढ्यावर भागत नाही. एका सीटवर पहिला नंबर, त्यामागे दुसरा नंबर, पहिलीला मध्येच दुसरीकडे जागा मिळाली तर तिचा हक्क कोणाला जातो, हे सगळं मटार सोलता सोलता ठरतं. निकाल तोंडी, अपील नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. 'त्यांच्यापुढे आपण काहीच नाही,' म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

एसी लोकल मात्र त्यांना मानवत नाही. दरवाजे आपोआप बंद होतात, म्हणजे कोणी आत यावं हे ठरवायला माणूस लागत नाही. खिडकी उघडत नाही, म्हणजे हवेची बाजू कुठली यावर वाद नाही. एकदा ते तिने गेले होते. आल्यावर म्हणाले, 'सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले. एकाने एकाला विचारलं नाही कुठे उतरणार म्हणून. रुग्णालयात बसल्यासारखं वाटलं.'

पण अण्णांची खरी उंची मला कळली ती परवाच्या शनिवारी. त्यांना संध्याकाळी बोरिवलीला साखरपुड्याला जायचं होतं. मध्य रेल्वेचा माणूस. दादरला पश्चिमेच्या फलाटावर जी गाडी समोर आली तिच्यात चढले. ती विरार फास्ट होती. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल. लांब जाणाऱ्यांच्या गाडीत बोरिवलीवाल्याने चढायचं नाही, त्याच्यासाठी बोरिवली लोकल आहे, हा तिथला अलिखित कायदा. गाडी हलली आणि एका गृहस्थाने विचारलं, 'कुठे?' अण्णा सरळपणे म्हणाले, 'बोरिवली.' आजूबाजूची कुजबुज बंद झाली. मग तो गृहस्थ मऊ आवाजात, हसून म्हणाला,

'नवीन आहात का या गाडीला?'

बोरिवली आलं. अण्णा दाराकडे वळले. दारात आठ-दहा जण उभे होते. कोणी ढकललं नाही, शिवी दिली नाही, कोणी 'नाही' असंही म्हटलं नाही. नुसते हलले नाहीत. गाडी सुटली. अण्णा भाईंदरला उतरले, उलट्या गाडीने बोरिवलीला आले, साखरपुडा होऊन गेला होता, पंगत चालू होती.

सोमवारी त्यांचा चेहरा बघून आम्हाला वाटलं की आता तक्रार, रेल्वे बोर्ड, मुख्यमंत्री. छे. माणूस भारावलेला होता. 'काय शिस्त आहे हो! एकानेही आवाज चढवला नाही. आणि तो विचारणारा? काय विचारलं त्याने! मी लगेच ओळखलं. म्हटलं, हा त्यांचा तो.' मग ते थोडं पुढे सरकले, दोन्ही बाकांवरून नजर फिरवली आणि ठराव मांडला, की आपल्याकडेही हे चालू करायला हरकत नाही. ही लांबची फास्ट आहे. डोंबिवलीला चढून ठाण्याला उतरणाऱ्यांनी इथे गर्दी का करावी? त्यांना स्लो आहे. आजपासून ठाण्याला उतरणारा कोणीही असो, ग्रुपचा असो वा बाहेरचा, त्याला घाटकोपर दाखवायचं.

जरा शांतता पसरली. एल.आय.सी. म्हणाले, 'विचार करायला हवा.' पोस्ट म्हणाले, 'माझा मेहुणा ठाण्याला उतरतो.' मंत्रालय नेहमीप्रमाणे काहीच म्हणाले नाहीत. तेवढ्यात खिडकीतून ठाणेवाल्यांनी हात वर केला.

'माझा पूर्ण पाठिंबा आहे,' ते म्हणाले. 'मी तर ठाण्याला कधीच उतरत नाही.'